माळावर खड्डे घ्यायच्या आधी तरवडाकडे बघा – वृक्षारोपण करणाऱ्या सगळ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
पाऊस पडला की माळावर झाडं लावायला निघणारे सगळे ग्रुप, कंपन्यांचे सीएसआरवाले, एनएसएसची पोरं-पोरी आणि त्यांचे सर-मॅडम, आणि ह्या सगळ्यांना "ही जागा मोकळीच आहे, इथे लावा" म्हणून जागा दाखवणारे ग्रामपंचायतीतले आणि वन खात्यातले साहेब लोक,

नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येतो. माळावर खड्डे घेऊ नका. आणि सगळ्या माळांचं जमत नसेल तर निदान ज्या माळावर तरवड उभा आहे तिथे तरी जेसीबी चढवू नका, कारण जिथे तरवड आहे तिथे तुम्ही जे तयार करायला निघालात ते आधीच तयार आहे, फक्त ते उंच नाही आणि फोटोत हिरवंगार दिसत नाही एवढंच.

मी पुरंदरच्या बाजूचा. आमच्याकडे पाऊस घाटात अडतो आणि उरलेला आमच्या वाट्याला येतो, म्हणजे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. सासवड सोडून जेजुरी, मोरगाव, सुपे, तिथून पुढे बारामती, इंदापूर, दौंड, पलीकडे कर्जत-श्रीगोंदा ते थेट सोलापूरपर्यंत हा सगळा माळाचाच पट्टा. खाली काळा बसाल्ट, वर वीतभर मुरूम, त्यावर कुसळी, पवना, मारवेल असलं गवत, आणि मधेमधे हेंकळ, बोर, नेपती, एखादा हिवर आणि तरवड. तरवड सगळीकडे. रस्त्याच्या कडेला, बांधावर, टेकडीच्या उतारावर, जिथे दुसरं काही टिकत नाही तिथे. बरेच जण रोज त्याच्या शेजारून गाडीवर जातात पण नाव विचारलं तर सांगता येत नाही, पिवळ्या फुलांचं काहीतरी झुडूप आहे म्हणतात, म्हणून आधी ओळख करून देतो.

तरवडाचं शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा, जुन्या पुस्तकांत कॅशिया ऑरिक्युलाटा लिहिलेलं सापडेल. आपल्या भारतातलं, श्रीलंकेतलं, म्यानमारच्या कोरड्या भागातलं मूळचं झाड, कुणी बाहेरून आणलेलं नाही. कमरेइतकं वाढतं, बरी जमीन मिळाली तर डोक्याइतकं. एका पानात पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, 8 ते 12 जोड्या, आणि पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन गोल हिरवी उपपर्णं, ती दिसली की तरवडच, दुसरं काही नाही. फुलं तशी वर्षभर तुरळक असतात पण खरा बहर पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदापासून ते थंडीपर्यंत. त्यानंतर चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा लागतात, आधी हिरव्या, मग तपकिरी, आणि वारा सुटला की खुळखुळ वाजतात.

आता त्याचं फूल जरा जवळून बघा, सकाळी ऊन चढायच्या आत. पाच पाकळ्या, कडा चुरगळल्यासारख्या, आणि मध्ये पुंकेसर दहा, पण दहाही सारखे नाहीत. वरचे तीन नुसते नावाला, मधले आखूड, आणि खालचे लांब, बाकदार. ह्या फुलात मध नसतोच. जे काही आहे ते परागकण, आणि तेही बंद डबीत, कारण परागकोश फुटून उघडत नाही, त्याच्या टोकाला फक्त बारीक भोक असतं. मग येतो तो मोठा काळा भुंगा. फुलाला खालून मिठी मारतो, पंख हलवायचे थांबवतो पण छातीचे स्नायू थरथरवत राहतो, आणि त्याची भुणभुण एकदम बारीक, चढ्या आवाजाची होते, तुम्ही शांत उभे असाल तर स्पष्ट ऐकू येते. त्या थरथरीने परागकण भोकातून फवारल्यासारखे बाहेर उडतात. मधल्या आखूड पुंकेसरांतले तो खायला घेऊन जातो आणि खालच्या लांब केसरांतले त्याच्या अंगावर अशा जागी चिकटतात की पुढच्या फुलाचा स्त्रीकेसर नेमका तिथेच टेकतो. मधमाश्यांना ही थरथर जमत नाही, त्या बिचाऱ्या सांडलेलं गोळा करत फिरतात. म्हणजे ज्या माळावर हे भुंगे नाहीत तिथे तरवडाला शेंगा धरायची मारामार, आणि भुंग्यांना घर करायला वाळकं लाकूड लागतं, जुनी बाभूळ, हिवराची वठलेली फांदी, जी आपण साफसफाई म्हणून पहिली तोडतो.

फूल झालं, आता पान. पर्णिकांच्या प्रत्येक जोडीच्या मध्ये एक बारीकशी उभी ग्रंथी असते, भिंग असेल तर मस्त दिसते, मुंग्या तिथे घुटमळत असतात. पानाच्या मागच्या बाजूला नीट शोधलंत तर उभं, फिकट रंगाचं एखादं अंडं सापडेल, ते त्या पांढरट-पिवळसर एमिग्रंट फुलपाखरांचं, जी पावसाळ्यात थव्याने रस्ता ओलांडताना दिसतात. त्यांच्या अळ्या तरवड-टाकळ्याच्या कुळातल्या पानांवर वाढतात. तुम्ही बटरफ्लाय गार्डन करायला हजारो रुपये खर्च करता ना, ती बाग माळावर फुकटात आहे.

आणि हे नुसतं निसर्गाबद्दल नाही. आमच्याकडे नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ असते. सोलापुरात तेलुगू पद्मशाली समाज आहे मोठा, त्यांच्याकडे बतुकम्मा हा फुलांचा सण असतो, त्यात ताटात रचायच्या फुलांमध्ये तरवड मानाचा, ते त्याला तंगेडु म्हणतात. तेलंगणा वेगळं राज्य झालं 2014 मध्ये, तेव्हा त्यांनी ह्याच झुडपाचं फूल राज्यफूल म्हणून निवडलं. एका राज्याचं राज्यफूल आणि शेजारच्या राज्यात झुडपं साफ करा म्हणून टेंडर, हे मला खरंच समजत नाही.

जुनी माणसं आणखी एक सांगतील, चामडं कमवायला तरवडाची साल वापरायचे. सालीत टॅनिन भरपूर, साधारण 18 टक्के. क्रोमची रसायनं आणि परदेशी वॅटल झाडाची साल येण्याआधी दक्षिणेतल्या टॅनरीचा मोठा धंदा ह्या सालीवर चालायचा, मद्रासहून हे कमावलेलं चामडं विलायतेला जायचं. आणि फांद्या तोडल्या तरी तरवड बुंध्यातून पुन्हा फुटतो, त्यामुळे सालीसाठी एवढी तोड होऊनही तो टिकून राहिला. वणव्यातून वाचतो, दुष्काळातून वाचतो, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत म्हणून चराईतूनही वाचतो. एकच गोष्ट त्याला झेपत नाही, मुळासकट उपटून वर तीन फुटाचा खड्डा.

आमच्या शेजारच्या गावच्या टेकडीवर नेमकं तेच झालं. नाव घेत नाही कुणाचं, हेतू चांगलाच होता सगळ्यांचा. एका कंपनीने टेकडी घेतली दत्तक, आधी जेसीबीने रस्ता केला, मग उतारावर आडवे चर मारले, चरांच्या मधे ओळीने खड्डे, आणि हे करताना वाटेत येणारं हेंकळ, बोरी, तरवड सगळं "झाडोरा" म्हणून बाजूला ढीग करून पेटवून दिलं. जूनचा पहिला आठवडा होता. त्याच उतारावर माळटिटवी दरवर्षी बसते, उघड्या जमिनीवर चार अंडी, मुरमाच्या रंगाची, पायाखाली आली तरी दिसणार नाहीत अशी. टिटव्या दिवसभर डोक्यावर ओरडत फिरत होत्या आणि खाली पोकलेन चालू होता. मग एका रविवारी बस भरून लोक आले, टोप्या, टी-शर्ट, बॅनर, रोपं लावली, भाषण झालं. रोपं कुठली? गिरिपुष्प, काशिद, वड, पिंपळ, कडुनिंब, गुलमोहर. त्यातल्या वडा-पिंपळाला त्या वीतभर मुरमात काय मिळणार होतं? पहिलं वर्ष टँकरने पाणी घातलं, दुसऱ्या वर्षी टँकर कमी झाले, तिसऱ्या वर्षी ड्रिपचे पाइप उन्हाने तडकून पडलेले. जगलं ते गिरिपुष्प आणि थोडा काशिद. बाकी खड्डे रिकामे, आणि उकरलेल्या मुरमावर आता गाजर गवत, वेडी बाभूळ आणि तो पिवळा कॉसमॉस. कॉसमॉस फुलला की लोक सेल्फी काढायला येतात, त्यांना वाटतं रानफुलं आहेत. ती मेक्सिकोकडची फुलं आहेत हो, आपली नाहीत, आणि जिथे ती दाट होतात तिथे खाली आपलं काही उगवत नाही.

मेंढपाळांचं तर कुणी विचारलंच नाही. ज्या टेकडीवर पिढ्यानपिढ्या त्यांच्या मेंढ्या चरल्या तिथे तारेचं कुंपण आलं, गवत कमी झालं आणि गिरिपुष्पाला मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत. दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हा त्यांचा वर्षाचा फेरा ह्या माळाच्या भरवशावर आहे.

आता तुमचा प्रश्न मला माहितीये, कारण दरवेळी हाच येतो: मग काय झाडं लावायचीच नाहीत का, ग्लोबल वॉर्मिंग एवढं वाढतंय आणि तुम्ही झाडाला विरोध करताय? नाही हो, झाडाला विरोध नाही. विरोध चुकीच्या जागेला आहे. माळ म्हणजे जंगल तोडून उरलेली उघडी जमीन, ही समजूत आधी मनातून काढा. 2025 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून केलेला, त्यांनी काय केलं तर 13व्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, चरित्रं, ओव्या, लोकगीतं काढली आणि त्यात कुठल्या कुठल्या झाडाझुडपांचे उल्लेख येतात ते नोंदवलं. उल्लेख निघाले ते बहुतेक माळावरच्या, काटेरी, उघड्या रानातल्या झाडांचे. म्हणजे आपल्याकडचे माळ किमान 750 वर्षं तरी माळच आहेत. आपल्याच ओव्यांनी दिलेली ही साक्ष आहे, ह्याहून मोठा पुरावा मराठी माणसाला काय पाहिजे.

आणि माळ रिकामाही नाही. लांडगा इथे पिल्लं घालतो, खोकड इथली बोरंही खातं, चिंकारा इथलाच, तरस इथलंच. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटर, कर्जतजवळचं काळविटांचं रेहेकुरी त्याहूनही लहान, म्हणजे ह्यातले बहुतेक प्राणी अभयारण्याच्या बाहेर, गावाच्या, गायरानाच्या, तुमच्या वृक्षारोपण ड्राइव्हच्याच माळावर राहतात. सोलापुरात नान्नजला 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. ज्या पक्ष्याला चहूबाजूंनी लांबवर मोकळं दिसल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही त्याच्या माळावर झाडांच्या रांगा उभ्या केल्या तर काय होणार? उंच झाड म्हणजे कावळ्याला, शिकऱ्याला बसायला जागा, आणि खाली चंडोल, धाविक, पखुर्डी ह्यांची घरटी जमिनीवर उघडी. शिवाय सावली पडली की हे गवत मरतं, त्याला पूर्ण ऊन लागतं. आणि कार्बनचं म्हणाल तर गवताने साठवलेला कार्बन बहुतांश जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो, वणवा आला तरी तो जागेवर राहतो. तो उकरून वर काढायचा आणि त्या जागी मरणारं रोप लावायचं, ह्यात पर्यावरणाचं काय भलं झालं तुम्हीच सांगा.

साहेब लोकांना थोडं वेगळं सांगायचंय. तुमची अडचण समजते, वरून टार्गेट येतं. 2016 मध्ये 2 कोटी झाडं, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी, 2019 मध्ये 33 कोटी, आकडा वाढत गेला आणि जमीन तेवढीच. मग शोधायची कुठे? केंद्र सरकारच्या वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये झुडपी जमीन सरळ वेस्टलँडच्या, म्हणजे पडीक जमिनीच्या, यादीत आहे, दाट झुडपी आणि विरळ झुडपी अशा दोन्ही. त्यामुळे नकाशावर तरवडाचा माळ दिसला की तो मोकळी जागा म्हणूनच दिसतो, मग वृक्षारोपण तिथे, सोलर तिथे, एमआयडीसी तिथे, कचरा डेपोपण तिथेच. ही यादी तुम्ही-आम्ही बदलू शकत नाही, कबूल, पण जागेची पाहणी तुमच्याच हातात आहे ना. पाहणीच्या फॉर्मवर "झुडपे काढून टाकणे" हे काम लिहायच्या आधी कुठली झुडपं आहेत त्यांची नावं लिहायला लावा. गावातल्या कुठल्याही मेंढपाळाला किंवा म्हातारीला सोबत घ्या, अर्ध्या तासात नावं मिळतील. गावाची जैवविविधता समिती असते, लोकजैवविविधता नोंदवही असते, बहुतेक ठिकाणी ती कपाटात आहे, ती काढा आणि माळाचं पान आधी भरा.

ग्रुपवाल्यांनो, तुमच्याकडे माणसं आहेत, रविवार आहेत, पैसा आहे, ह्या तिन्हीची माळाला खरंच गरज आहे, फक्त काम वेगळं आहे. झाडंच लावायची असतील तर ओढ्याच्या काठी करंज, उंबर, जांभूळ लावा, शाळेच्या आवारात लावा, गावठाणात, विहिरीजवळ, शेतकरी हो म्हणत असेल तर बांधावर, जिथे माती खोल आहे आणि पाणी घालायला कुणीतरी माणूस आहे. माळावर यायचं असेल तर कुदळ घेऊन वेडी बाभूळ काढायला या, फुलायच्या आत गाजर गवत उपटायला या, उन्हाळ्याच्या आधी वणवा अडवणारी जाळरेषा काढायला या, प्लॅस्टिक वेचायला या. फोटो चांगले येत नाहीत ह्या कामाचे, हे खरंय. आणि कृपा करून काशिद लावणं थांबवा. त्यालाही पिवळी फुलं येतात पण तो आग्नेय आशियातला, मोठा होतो, दाट होतो. त्याच्याच जवळच्या नात्यातल्या, सेना वंशातल्या एका झाडाने वायनाडच्या जंगलात काय करून ठेवलंय ते नेटवर बघा, हत्तींच्या रानात तण म्हणून पसरलंय आणि काढता काढता वन खात्याचा जीव जातोय.

सीड बॉल, म्हणजे बी घातलेले मातीचे गोळे, त्याबद्दलही बोलायला पाहिजे, कारण तो सोपा वाटतो म्हणून सगळे करतात. गोळ्यात कुठलं बी आहे, कुठून आणलंय, हे माहीत नसेल तर फेकू नका. सुबाभळीचं बी फेकलेलं मी पाहिलंय, आंब्याच्या कोयी मुरमावर फेकलेल्या पाहिल्यात.

जिथे माळ आधीच उकरून ठेवलाय, खाण होती, रस्त्याचं काम झालं, जुने चर आहेत, तिथे मात्र तरवड लावा, तिथे त्याच्याइतकं कामाचं झुडूप नाही. नर्सरीत मिळणार नाही, मिळालं तरी कुठल्या भागातलं असेल सांगता येत नाही, म्हणून बी त्याच तालुक्यातलं घ्या. शेंग पूर्ण तपकिरी होऊन वाजायला लागली की तोडायची, एका झाडाच्या सगळ्या शेंगा ओरबाडायच्या नाहीत, बऱ्याच झाडांवरून थोड्या थोड्या घ्यायच्या. बी कडक असतं, पेरायच्या आदल्या रात्री वरून गरम पाणी ओतून तसंच भिजत ठेवायचं, सकाळपर्यंत जे फुगलं ते पेरायचं. पिशवीत रोप करत बसू नका, मूळ खोल जायला बघतं आणि पिशवीत गोल फिरतं, पहिला चांगला पाऊस झाला की सरळ जागेवर टोकायचं, सोबत पवना-मारवेलचं बी विस्कटायचं. खड्डा लागत नाही, टँकर लागत नाही, ट्री गार्ड लागत नाही. दोन पावसाळे गेले की त्याच्या बुंध्याशी वाऱ्याने आलेली माती आणि काडीकचरा अडकतो, जनावरं तोंड लावत नसल्याने आतलं गवत वाचतं, बी धरतं आणि तिथून पुढे पसरतं. मी हे आमच्या बांधाशेजारच्या उकरलेल्या पट्ट्यात होताना पाहिलंय म्हणून एवढ्या खात्रीने लिहितोय.

आजकाल तरवडाच्या फुलांचा चहा शुगरवर चालतो म्हणून ऑनलाइन पाकिटं विकतात, त्यामुळे फुलं ओरबाडणारेही वाढलेत. त्यांनाही हात जोडून सांगणं आहे, घटाच्या माळेपुरती फुलं तोडली तर झुडपाचं काही बिघडत नाही, पोती भरून नेली तर शेंगा कुठून येणार. आणि शुगरची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

तर माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याची जागा तुम्ही साधारण एप्रिल-मे मध्ये ठरवता, तेव्हा माळ वाळलेला असतो आणि तुम्हाला तो उजाड दिसतो. ती जागा ऑक्टोबरमध्ये बघा. नवरात्राच्या आसपास एक सकाळ काढा, मेंढपाळाला सोबत घ्या, मोबाइलवर नकाशा उघडा आणि जिथे जिथे तरवड फुललेला आहे तिथे तिथे खूण करत चला. खुणा केलेला सगळा भाग ड्राइव्हमधून वगळा आणि तसं ग्रामपंचायतीला लेखी कळवा, म्हणजे दुसरा कुठला ग्रुप आला तर त्यालाही तो कागद दाखवता येईल. जागा दाखवायला, झुडपं ओळखायला माणूस पाहिजे असेल तर मी येईन, आमच्याकडची आणखी दोन-चार माणसं येतील, पैसे नकोत.

आपला,
पुरंदर तालुक्यात माळाच्या कडेला राहणारा एक शेतकरी